दोन वह्यांचा इतिहास

मारहाण झालेली बाई पोलीस ठाण्यात आली की ठाणे अंमलदाराला आधी एक निवड करावी लागते: तिची हकीकत कोणत्या वहीत उतरवायची. एका वहीत गेली तर तिला गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो, तपासी अंमलदार नेमला जातो, पंचनामा होतो, अहवाल मॅजिस्ट्रेटकडे जातो. दुसऱ्या वहीत गेली तर चार ओळींची नोंद होते, शेवटी फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिल्याचे लिहिले जाते आणि एक छापील प्रत तिच्या हातात पडते. पहिली नोंद म्हणजे एफआयआर, दुसरी एनसी, अर्थात अदखलपात्र. ज्या बायका ठाण्याची पायरी चढल्या आहेत त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ‘नुसती एनसी घेतली’ एवढ्यात त्या सगळे सांगून जातात. या अनुभवाचे कारण सहसा पोलिसांच्या मनोवृत्तीत शोधले जाते. ती मनोवृत्ती आहे आणि तिची गय करण्याचे कारण नाही. पण तिला बसायला जागा कायद्याने करून दिली आहे. लिहून घेणे आणि अटक करणे या दोन वेगळ्या गोष्टींची गाठ १८८२ साली मारली गेली. घरातल्या मारहाणीविरुद्ध नंतर जे कायदे झाले त्यांनी या गाठीच्या आजूबाजूने वाटा काढल्या, गाठ मात्र सोडवली नाही. बदली होऊन नवा फौजदार येतो तेव्हाही बाईच्या वाट्याला तीच वही का येते, हे ही गाठ पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

१८६१ ची फौजदारी प्रक्रिया संहिता पाहा. तिच्या १३९ व्या कलमाप्रमाणे ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे आलेली प्रत्येक तक्रार किंवा खबर लेखी उतरवायची आणि तिचा सारांश दैनंदिनीत नोंदवायचा होता. १८७२ च्या संहितेत ११२ व्या कलमाने हेच कर्तव्य कायम ठेवले आणि वर तक्रारदाराची सही, शिक्का किंवा निशाणी घेण्याची अट घातली. कोणत्या गुन्ह्यात वॉरंटाशिवाय अटक करता येते याची यादी तेव्हाही होती; परंतु लिहून घेण्याचे काम त्या यादीवर अवलंबून नव्हते. १८८२ च्या संहितेत हे बदलले. १५४ वे कलम आले आणि तक्रार शब्दशः लिहिणे, वाचून दाखवणे, सही घेणे हा सारा सोपस्कार फक्त दखलपात्र, म्हणजे वॉरंटाशिवाय अटक करता येणाऱ्या, गुन्ह्याच्या खबरीपुरता उरला. इतर गुन्ह्यांसाठी १५५ वे कलम: खबरीचा सारांश वहीत लिहा आणि खबर देणाऱ्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवा, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. १८९८ च्या संहितेने ही मांडणी तशीच उचलली, क्रमांकही तेच राहिले. (मुंबई शहराच्या पोलिसांना ही संहिता त्या काळी सर्वस्वी लागू नव्हती, त्यांचा कायदा निराळा होता, जिल्ह्यांतली ठाणी मात्र याच कलमांवर चालत.) स्वतंत्र भारताच्या १९७३ च्या संहितेतही १५४ आणि १५५ हेच आकडे राहिले. तिने भर घातली ती एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य देण्याची, आणि ही भर मोलाची होती. प्रत हातात असलेल्या बाईला महिन्याभराने ‘तुम्ही असे सांगितलेच नव्हते’ असे म्हणणे सोपे राहत नाही.

कोणती इजा कोणत्या वहीत जाणार हे भारतीय दंड संहितेतल्या, म्हणजे १८६० च्या कायद्यातल्या, व्याख्यांनी आणि प्रक्रिया संहितेला जोडलेल्या अनुसूचीने ठरवले. साधी दुखापत, कलम ३२३: एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अदखलपात्र. अपमान, कलम ५०४, आणि धमकी, कलम ५०६: मुळात अदखलपात्र. तिसऱ्या इयत्तेतले मूलही जिला मार म्हणेल ती गोष्ट दखलपात्र व्हायला हत्यार तरी लागते किंवा ३२० व्या कलमातली ‘गंभीर दुखापत’ तरी. त्या कलमात आठ प्रकार मोजले होते: डोळा जाणे, कान जाणे, हाड मोडणे, दात निखळणे वगैरे, आणि शेवटी वीस दिवस तीव्र वेदना होणे किंवा नेहमीची कामे करता न येणे. आता या शेवटच्या अटीचा विचार घर चालवणाऱ्या बाईच्या संदर्भात करून पाहा. दंडावर काळेनिळे वळ असताना ती दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरते, भाकऱ्या थापते, रोजंदारीवर जाते. तिला नेहमीची कामे करता येत नव्हती असे दवाखान्याच्या कागदावर कसे येणार? नव्या भारतीय न्याय संहितेने वीस दिवसांचे पंधरा केले आहेत, कसोटी मात्र तीच आहे.

याहून खोल अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. दंड संहिता एकेक घटना सुटी करून तोलते. दोन अनोळखी माणसांची बाजारात झटापट झाली तर हे माप पुरते, कारण ती घटना तिथे सुरू होऊन तिथेच संपते. घरातली मारहाण अशी नसते. थप्पड, केस ओढणे, जेवण न देणे, रात्री दाराबाहेर काढणे, माहेरी फोन करू न देणे, मग पुन्हा थप्पड. यांतली प्रत्येक गोष्ट सुटी काढली की साधी ठरते आणि एकत्र ठेवली की एका माणसाचे आयुष्य जखडलेले दिसते. एनसीची वही या गोष्टी एकत्र ठेवत नाही. मार्चमधली नोंद, सप्टेंबरमधली नोंद, पुढच्या वर्षीची नोंद या तीन वेगवेगळ्या पानांवर, तीन वेगवेगळ्या अंमलदारांच्या हातच्या असतात आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे हे कोणाच्याच नजरेला येत नाही. शिवाय एक वर्षापर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने एका वर्षाच्या आतच घ्यायची, अशी मुदत १९७३ च्या संहितेने घातली. म्हणजे जुन्या एनसी कागद म्हणून राहतात, खटला म्हणून मरतात. त्यातच नवराही येऊन बायकोविरुद्ध ‘क्रॉस एनसी’ देऊ शकतो, आणि मग शांतताभंगाच्या कलमाखाली दोघांवरही चॅप्टर केस होऊ शकते. मार खाणारीलाही शांतता राखण्याचे हमीपत्र लिहून द्यावे लागावे, ही या रचनेची सर्वांत दुखरी परिणती आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. दखलपात्र आणि अदखलपात्र हा भेद नागरिकाच्या रक्षणासाठीच आहे. परकीय राज्यात पोलिसाला प्रत्येक किरकोळ भांडणात वॉरंटाशिवाय घरात शिरू दिले असते तर ते किती महाग पडले असते, असे कोणी म्हणेल. हे म्हणणे खरे आहे. अटकेच्या अधिकाराला वेसण हवीच होती आणि आजही हवी. परंतु अटक रोखण्यासाठी लेखणी रोखण्याची गरज नव्हती. १८६१ आणि १८७२ च्या संहितांत अटकेवर मर्यादा होती आणि तरीही प्रत्येक तक्रार पूर्ण लिहून घ्यायची होती, हाच त्याचा पुरावा. शिवाय पत्नीला होणारी मारहाण ही राज्यसंस्थेने पाहण्यासारखी गोष्ट आहे, हे त्या काळाला ठाऊक नव्हते असेही नाही. इंग्लंडमध्ये स्त्री-हक्कांच्या कार्यकर्त्या फ्रान्सिस पॉवर कॉब यांच्या प्रयत्नांनंतर १८७८ साली कायदा झाला आणि गंभीर मारहाणीबद्दल नवऱ्याला शिक्षा झाली तर मॅजिस्ट्रेट बायकोला विभक्त राहण्याचा हुकूम आणि पोटगी देऊ लागले. त्याच साम्राज्याच्या मुंबईत थोड्याच वर्षांनी रखमाबाईंचा खटला चालला. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम १८८७ साली त्यांना झाला. लग्नाच्या बाबतीत इथल्या न्यायालयाचा हात बाईला सासरी पोहोचवण्यापुरता लांब होता. तिथे तिचे काय होते ते पाहण्याची सोय कोणी केलेली नव्हती. खेड्यात तर ठाण्याआधी पोलीस पाटलाचे दार लागे, आणि १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने ज्याला अधिकार दिले तो पाटील बहुधा नवऱ्याच्याच भावकीत उठणारा-बसणारा असे.

ठाण्यात आणखी एक वही असते, अकस्मात मृत्यूची. जिवंतपणी जिच्या हकिकतीला पान मिळाले नाही तिच्या मृत्यूला या वहीत पान हमखास मिळे. स्टोव्हचा भडका, विहिरीत पाय घसरणे, चुकून औषध पोटात जाणे, अशा नोंदींनी सत्तरीच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काळातल्या या वह्या भरल्या. पुण्यातल्या मंजुश्री सारडा यांचा १९८२ साली झालेला मृत्यू महाराष्ट्राला हलवून गेला. सत्र न्यायालयाने तिच्या नवऱ्याला दिलेली आणि उच्च न्यायालयाने कायम केलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली रद्द केली. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी पूर्ण असावी लागते याचे त्या निकालातले पाच निकष आजही प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असतात. त्या निकालाच्या बरोबर-चुकीत मला इथे जायचे नाही. लक्षात ठेवण्याजोगे हे, की तिच्या सासरच्या आयुष्याबद्दल तिच्या स्वतःच्या शब्दांत न्यायालयापुढे जे होते ती तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे होती. खासगी पत्रांना साक्ष देण्याची पाळी आली. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंचातर्फे ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले ते याच अस्वस्थतेतून. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या ठाण्यात घडलेले बलात्काराचे मथुरा प्रकरण आणि त्यावर कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र यांमुळे देशभर स्त्रिया आधीच रस्त्यावर आल्या होत्या. या दाबाखाली १९८३ च्या अखेरीस दंड संहितेत ४९८-अ कलम आले: पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता, तीन वर्षांपर्यंत कैद. लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या विवाहितेच्या संशयास्पद मृत्यूचे शवविच्छेदन करण्याची तरतूदही त्याच वर्षीची.

४९८-अ ने पहिल्यांदा सुट्या घटनांऐवजी वर्तनाकडे पाहिले. वारंवार होणारा छळ हाच गुन्हा ठरला आणि मानसिक छळही त्यात आला. म्हणूनच ते कलम मला या इतिहासातला सर्वांत मोठा पल्ला वाटते. पण त्याला दखलपात्र करताना एक विलक्षण अट घातली गेली: खबर त्या स्त्रीने स्वतः, किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तक नात्याच्या माणसाने, आणि असे कोणी नसेल तर सरकारने नेमलेल्या लोकसेवकाने दिली तरच ते दखलपात्र. भिंतीपलीकडून रोज ओरडणे ऐकणाऱ्या शेजारणीने सांगितले तर नाही. चोरीची खबर वाटसरूने दिली तरी चालते. इथे मात्र घराची चौकट कायद्याने पुन्हा उभी केली. आणि व्यवहारात ठाण्यांनी दोन वह्यांच्या मध्ये एक फाईल तयार केली, तक्रार अर्जाची. बाईकडून अर्ज घ्यायचा, तो महिला साहाय्य कक्षाकडे किंवा आजच्या भरोसा सेलकडे पाठवायचा, नवऱ्याला बोलावून समुपदेशनाच्या तारखा द्यायच्या, आणि समझोता नाही झाला तरच गुन्हा दाखल. या तारखांच्या काळात तिच्याजवळ अर्जाच्या पोचेवरच्या शिक्क्यापलीकडे काही नसते.

समुपदेशन वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या शेजारी बसू लागल्या. पुढे राज्य सरकारने हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. हे महाराष्ट्राने देशाला दिलेले खरेखुरे योगदान आहे. बाईच्या बाजूने बसलेली कार्यकर्ती आणि ‘जरा सांभाळून घ्या ताई’ म्हणणारा हवालदार या दोघांच्या बोलण्याला एकच नाव देणे अन्यायाचे होईल. पुष्कळ बायकांना नवरा तुरुंगात जायला नको असतो, मार थांबायला हवा असतो. त्यांनी अटक मागितली नाही म्हणजे नोंदही मागितली नाही, असा अर्थ काढला जातो तेव्हा घोटाळा होतो. खरे तर ज्या बाईला परत त्याच घरात जायचे आहे तिलाच पूर्ण, तारखेसह, प्रत हातात असलेल्या नोंदीची गरज सर्वांत जास्त. तिची पुढची तक्रार आली तर मागचे काही असावे लागते. न्यायालये एफआयआरमधल्या उशिराकडे संशयाने पाहतात. लवकर आली तर इजा साधी म्हणून एनसी, आणि छळ पुरेसा साठल्यावर आली तर इतके दिवस गप्प का, असा उलट प्रश्न. या कात्रीतून सुटायला आधीच्या नोंदीच उपयोगी पडतात.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला आणि त्याने अटकेशी काहीही संबंध नसलेला एक कागद निर्माण केला: कौटुंबिक घटना अहवाल. ठरावीक नमुन्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसेच्या घटना तारीख, वेळ, ठिकाण यांसह भरायच्या, त्याची प्रत मॅजिस्ट्रेटकडे आणि त्या हद्दीच्या ठाण्याकडेही पाठवायची. १८८२ ला मारलेली गाठ इथे पहिल्यांदा थोडी सैल झाली, कारण लिहिण्यासाठी कोणाला पकडण्याची पूर्वअट उरली नाही. मात्र हा अहवाल भरायचा संरक्षण अधिकाऱ्याने किंवा नोंदणीकृत सेवा देणाऱ्या संस्थेने, आणि अनेक राज्यांत संरक्षण अधिकाऱ्याचे पद सुरुवातीला आधीच्याच अधिकाऱ्यांवर जादा भार म्हणून टाकले गेले. रात्री अकराला घराबाहेर काढलेल्या बाईला जे दार उघडे दिसते ते ठाण्याचे. कायद्याच्या पाचव्या कलमाने पोलिसाचे कर्तव्य ठरवले आहे ते माहिती देण्याचे: संरक्षण आदेश मागता येतो, संरक्षण अधिकारी आहे, मोफत विधी सेवा आहे, क्रूरतेबद्दल फौजदारी तक्रारही करता येते. कर्तव्य चांगले आहे, पण त्या रात्री लेखणी मात्र पुन्हा जुन्याच दोन वह्यांमध्ये अडकते.

आता सगळ्यांत मोठ्याने घेतला जाणारा आक्षेप: खोट्या तक्रारी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात २०१२ ची आकडेवारी मांडली होती. त्या वर्षी ४९८-अ खाली १,९७,७६२ जणांना अटक झाली, त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश स्त्रिया होत्या. आरोपपत्राचे प्रमाण ९३.६ टक्के, दोषसिद्धीचे केवळ १५ टक्के. म्हाताऱ्या सासूला आणि परगावच्या नणंदेला सरसकट अटक होणे हा अन्यायच होता आणि अटकेआधी कारणे लेखी नोंदवण्याचा त्या निकालाचा आग्रह योग्य आहे. पण दोषसिद्धी कमी म्हणजे तक्रारी खोट्या, हे अनुमान टिकत नाही. बंद दाराआडच्या गुन्ह्यात साक्षीदार नातेवाईकच असतात, खटला वर्षानुवर्षे चालतो, मध्येच समझोता होऊन फिर्यादी फितूर होते, आणि ज्या नोंदींनी छळाची सलगता सिद्ध झाली असती त्या तपासाविना पडून असतात. दुसऱ्या बाजूचा आकडाही समोर ठेवावा: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले, आणि शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कोणाची तरी मदत मागितली, तीही बहुतेक माहेरच्यांची. अर्नेश कुमारने अटक आणि गुन्हा नोंद यांची ताटातूट केली, हा त्या निकालाचा फारसा चर्चेत न आलेला अर्थ आहे. त्याच्या आदल्या वर्षी ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घेणे सक्तीचे ठरवले. मात्र प्राथमिक चौकशीला वाव असलेल्या मोजक्या प्रकारांत वैवाहिक वाद बसवले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर निष्कर्ष सरळ निघतो: अटक इतकी सांभाळून करायची असेल तर लिहून घ्यायला कचरण्याचे कारण उरत नाही. ठाण्यांत मात्र प्राथमिक चौकशीची सवलत लक्षात राहिली, सक्ती विसरली गेली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या सबुरीच्या काळाची अलाहाबाद उच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. तीही गुन्हा दाखल झाल्यानंतर अटक थांबवणारी आहेत, गुन्हा लिहून घेणे थांबवणारी नाहीत.

हद्दीचा अडथळा २०१९ साली दूर झाला. छळ सासरी झाला, तुम्ही तिकडच्या ठाण्यात जा, असे माहेरी परतलेल्या बाईला सांगितले जाई. रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक परिणाम माहेरीही चालू राहतो हे मान्य करून ती आसऱ्याला असेल तिथे तक्रार देता येते असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून जुन्या प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने हद्द न पाहता खबर घेणे आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेली खबर तीन दिवसांत सही करून पक्की करणे ही सोय दिली. त्याच कलमात तीन ते सात वर्षांच्या दरम्यान शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशीही आहे, आणि क्रूरतेचे आजचे कलम, भारतीय न्याय संहितेतले ८५ वे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे, नेमके त्या उंबरठ्यावर उभे आहे. मला मात्र लक्ष वेधायचे आहे ते पुढच्या, १७४ व्या कलमाकडे. अदखलपात्र नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा, असे त्यात नव्याने लिहिले आहे. १८८२ पासून फिर्यादीला मॅजिस्ट्रेटकडे पाठवणारी ही वही आता स्वतःच मॅजिस्ट्रेटकडे जायची आहे. तो अहवाल नुसत्या क्रमांकांचा गठ्ठा असेल तर काही बदलणार नाही. पण त्यात पत्नी-पतीच्या प्रकरणांचे वेगळे पान असले, तेच नाव आधी आले असेल तर मागच्या नोंदींचे क्रमांक शेजारी लिहिले, आणि बाईची हकीकत सारांशाऐवजी तिच्या शब्दांत उतरली, तर त्या वहीतली तीन वेगवेगळी पाने पहिल्यांदाच एका टेबलावर येतील आणि मॅजिस्ट्रेटला तपासाचा हुकूम देण्यासाठी हाताशी काही असेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्य सरकारने ठाण्यांना नमुना ठरवून द्यायचा आहे.